जुना संच घ्यावा का?



आज देवशब्दाचा रविवार. सामान्यकाळातील तिसरा रविवार देवाच्या वचनासाठी राखावा असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली ठरवून दिले. त्या निमित्ताने आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत ते एका खरेदीविषयी. प्रवचनात बाजारहाट कशाला, असे कुणाला वाटेल. पण पैसे तुमचे आहेत, तेव्हा हिशेबही तुमच्यापुढेच मांडायला हवा.

तुमसरकडे एका निवृत्त पाळकांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीने निरोप पाठवला की, घरात बायबलवरील टीकाग्रंथांचा संच आहे, मुले पुण्याला आहेत, कुणाला उपयोग असेल तर साडेचार हजारांत द्यायचा आहे. आम्ही जाऊन पाहिला. स्कॉटलंडचे विल्यम बार्कली यांनी नव्या करारावर लिहिलेले सतरा खंड. कापडी बांधणी, कडा पिवळ्या पडलेल्या, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. पाळकसाहेबांनी ही पुस्तके नुसती कपाटात ठेवली नव्हती, वापरली होती.

स्कॉटिश मिशन आपल्या भागाला नवीन नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि पुढे ते काम भंडाऱ्यापर्यंत पोहोचले. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तीही नागपुरातच. तेव्हा अशा घरात बार्कली सापडावेत यात नवल नाही. आणि आपल्या धर्मगुरूंनाही ते परके नाहीत. बंगळुरूच्या एका कॅथोलिक प्रकाशनसंस्थेने हाच संच भारतात छापला होता, आणि कितीतरी फादरांची रविवारची प्रवचने त्यावर उभी राहिली आहेत. आमचीही राहिली, हे कबूल करतो.

अडचण पैशांची. आपल्या वाचनालयाच्या पेटीत सात हजार आठशे रुपये आहेत. ते आले कुठून? आपल्या माता-भगिनी रोज चूल पेटवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढतात, महिन्याला ते गोळा होतात आणि विकले जातात. म्हणजे ही पेटी मुठीमुठीने भरलेली आहे. त्यातल्या निम्म्याहून अधिक पैशांत इंग्रजी पुस्तके आणायची, आणि तांदूळ देणाऱ्यांपैकी किती जणी इंग्रजी वाचतात? हा प्रश्न आम्हाला दोन आठवडे सतावत होता.

दुसरी अडचण त्याहून मोठी, आणि ती आमच्याच चुकीतून समजली. काही वर्षांपूर्वी पाच भाकरी आणि दोन मासे यांच्या चमत्कारावर प्रवचन होते. आम्ही बार्कली वाचले होते. ते या प्रसंगाकडे पाहण्याच्या दोन-तीन रीती देतात. त्यांतली एक अशी की, लोकांनी आपापली शिदोरी लपवून ठेवली होती, त्या मुलाचे औदार्य पाहून सर्वांनी ती बाहेर काढली आणि सर्वांना पुरली. आम्हाला ते फार आवडले. वाटून खाण्यावर बोलायला सोपे जाते ना! त्यांनी शक्यता म्हणून लिहिलेले आम्ही खात्रीने सांगून टाकले. मिस्सा झाल्यावर एक आजी दाराशी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "फादर, मंग प्रभूनं काईच नाई केलं का जी?"

त्या आजी मूठभर तांदूळ देणाऱ्यांपैकीच एक. रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत चिखलात वाकून त्यांनी मुले वाढवली. घरात दाणा नसताना प्रभूने पुरवले, हा त्यांचा अनुभव. आम्ही त्यांच्या हातून तो काढून घेतला होता. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. पुढच्या रविवारी आम्ही वेदीसमोरून सांगितले की, चारही शुभवर्तमानकार हा प्रसंग देतात आणि ख्रिस्तसभा त्यात प्रभूचे सामर्थ्यच पाहते. पण एकदा सुटलेला शब्द परत येतो थोडाच?

तेव्हा या संचात काय घ्यावे आणि कुठे जपावे, हे आम्ही नीट पाहिले. बार्कली कॅथोलिक नव्हते. प्रभूच्या कुमारी-जन्माबाबत ज्याने त्याने आपले मत ठरवावे, असा त्यांचा सूर आहे. आपण तर दर रविवारी मतांगीकारात ते सत्य उच्चारतो. जुन्या पुस्तकांत परूशी लोकांचे चित्रही सरसकट ढोंग्यांचे रंगवलेले असते. संत पौल स्वतः परूशी होता हे आपण विसरतो. यहुदी लोकांविषयी ख्रिस्तसभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत जे सांगितले, त्यानंतर तसे बोलणे आपल्याला शोभत नाही.

आणि काही गोष्टी निव्वळ जुन्या झाल्या म्हणून चुकतात. एक सांगतो, कारण ती आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात कितीदा तरी रंगवून सांगितली आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो. (आपल्या भंडाऱ्यात भाकरीपेक्षा भातच अधिक, पण असो.) त्या 'रोजची' साठी मूळ ग्रीकमध्ये 'एपिऊसिओस' असा शब्द आहे. तो मत्तय आणि लूक यांच्याखेरीज जुन्या ग्रीक लिखाणात जवळजवळ कुठेच सापडत नाही. तिसऱ्या शतकातील ओरिजेन यांना तर वाटे की शुभवर्तमानकारांनी तो नवा घडवला. संत जेरोम यांनी लॅटिनमध्ये लूकच्या जागी 'रोजची' असे भाषांतर केले आणि मत्तयच्या जागी 'सर्व पदार्थांपलीकडची' अशा अर्थाचा शब्द ठेवला. एकाच शब्दात ताटातला घासही आणि वेदीवरची भाकरही!

बार्कली यांनी यावर एक सुंदर गोष्ट दिली आहे : इजिप्तमध्ये पपायरसचा एक तुकडा सापडला, त्यावर हाच शब्द होता, आणि तो तुकडा म्हणजे एका बाईची बाजाराची यादी होती. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण तो मजकूर १८८९ साली छापला गेल्यानंतर मूळ तुकडाच हरवला होता. तो १९९८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात पुन्हा मिळाला, जाणकारांनी नीट वाचून पाहिला, तर तिथे तो शब्दच नव्हता. तेलाचा उल्लेख होता! बार्कली १९७८ सालीच वारले. त्यांना हे कळायला मार्गच नव्हता. दोष त्यांचा नाही. पण आज ती गोष्ट खरी म्हणून सांगितली, तर दोष आपला.

मग असला संच टाकाऊच नाही का? आम्हाला तसे वाटत नाही. उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाक आपल्या बापाने खणलेल्या विहिरींकडे परत जातो. पलिष्ट्यांनी त्या मातीने बुजवल्या होत्या. तो त्या उकरतो, त्यांना बापाने दिलेलीच नावे देतो, आणि पुढे नव्या विहिरीही खणतो. आपल्याला हे समजावून सांगायला नको. आपला जिल्हा तलावांचा. मालगुजारीच्या काळातले, कोहळी समाजाच्या हातांनी बांधलेले मामा तलाव आजही आपले धान भिजवतात. गाळ भरला म्हणून कुणी पाळ फोडून टाकत नाही. उन्हाळ्यात गाळ काढतात.

बार्कली यांच्याकडे पाणी आहे. ते पंडित होते, पण त्याआधी कारखान्यांच्या वस्तीत पाळक होते, आणि कामकरी माणसाला रोज एक पान वाचता यावे म्हणून त्यांनी लिहिले. गालिलातली घरे, मासेमारी, लग्नाच्या चाली, कराचा नाका हे सारे ते डोळ्यांपुढे उभे करतात. नवा करार आपला आणि त्यांचा एकच, सत्तावीस पुस्तकांचा. जुन्या कराराचा जुना प्रॉटेस्टंट संच असता, तर तोबित, यहुदीथ, मक्काबी अशी आपली सात पुस्तके त्यात मिळाली नसती, आणि आम्ही नको म्हटले असते.

फिलिप्पाने रथातल्या त्या कूशी अधिकाऱ्याला विचारले की, वाचतोस ते समजते का? त्याने पुस्तक मागितले नाही, शेजारी बसणारा माणूस मागितला. म्हणून इंग्रजीची अडचणही आम्ही अशीच सोडवायचे ठरवले. आपल्या चार मुली कॉन्व्हेंटमध्ये शिकतात. त्या एकेक उतारा वाचून घरच्या भाषेत सांगतील. त्यांच्या शेजारी एक कॅथोलिक टीकाग्रंथ उघडा असेल, १९९० चा जेरोम, एकाच जाड खंडाचा. तो आम्ही आमच्याकडचा देत आहोत. आणि मराठीसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आहेच. मुलींनी सांगितलेले आधी आम्ही पाहू, मग ते तुमच्यापर्यंत येईल.

हे सारे आम्ही त्या आजींना आधी सांगितले. तांदूळ त्यांचा, प्रश्नही त्यांचाच. त्यांनी विचारले, "त्या बाईचं भागते का जी एवढ्या पैशात?" आम्ही हा विचार केलाच नव्हता. घासाघीस करून चार हजारांवर आणायचे आमच्या मनात होते. ते आम्ही सोडले आणि साडेचार हजार पूर्ण दिले.

पुस्तके मंगळवारी दोन पोत्यांत घालून आली. मोजली तर सोळा भरली; प्रकटीकरणाचा दुसरा खंड नाही. पाळकसाहेबांनी कुणाला तरी वाचायला दिला असावा. कुणाकडे दिसला तर कळवावे. पहिले वाचन येत्या शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता, जपमाळेनंतर, मार्कच्या शुभवर्तमानापासून. येताना आपापले बायबल आणि चष्मा आणावा.