बुरशीचे देणे

तुम्हांला सर्वांत आवडलेला शोध कोणता, असे आपल्या पिंपरी-चिंचवड परिसरात कोणाला विचारले, तर उत्तर बहुधा वयाप्रमाणे मिळते. वडीलधारी मंडळी स्कूटरचे नाव घेतात; कारण तिच्यावर अख्खा संसार बसून रविवारच्या मिस्साला गेलेला असतो. गृहिणी मिक्सर किंवा गॅसची शेगडी सांगतात. तरुण मुले खिशातला मोबाईल काढून दाखवितात. ही सारी उत्तरे खरी आहेत. परंतु ज्या शोधाने आपल्या घरात सर्वांत मोठा पालट घडविला, तो या यादीत क्वचितच येतो. कारण त्याने घरात कोणतीही वस्तू आणून ठेवली नाही, त्याने घरातून एक भीती काढून नेली. आणलेली वस्तू दिसते, गेलेली भीती दिसत नाही. तो शोध म्हणजे पेनिसिलिन. त्याचा आपल्या पिंपरीशी जवळचा संबंध आहे, ही आठवणही आता पुसट होत चालली आहे.

ती भीती काय होती, हे नव्या पिढीला सांगूनही पटावयाचे नाही. पायात मोडलेला काटा चिघळून माणूस दगावत असे. बाळंतपण सुखरूप पार पडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ताप चढला, की घरातील जाणती बाई मनातून समजून चुकत असे. फुप्फुसाला सूज आलेल्या मुलाच्या उशाशी बसून जपमाळ ओढणे, याखेरीज आईच्या हाती फारसे काही नसे. १९२८ साली लंडनच्या एका रुग्णालयातील प्रयोगशाळेत अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बशीत बुरशी धरलेली दिसली आणि तिच्याभोवतीचे जंतू नष्ट झालेले आढळले. त्या बुरशीतील द्रव्य वेगळे काढून त्याचे औषध करण्याचे काम पुढे ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केले. युद्धाच्या टंचाईत बुरशी वाढविण्यासाठी त्यांनी रुग्णालयातील बेडपॅनसुद्धा वापरले. १९४१ मध्ये ते औषध प्रथम ज्या रुग्णाला उपचार म्हणून दिले, तो एक पोलीस शिपाई होता. त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. परंतु जवळचे सारे औषध संपले. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले औषध गाळून पुन्हा त्याला देण्यात आले, तेही पुरले नाही. तो गेला. उपाय माहीत होता, पण पुरेसा नव्हता. औषधाच्या इतिहासात याहून करुण प्रसंग थोडेच असतील.

या शोधाबरोबरच एक नैतिक प्रश्नही जन्माला आला. चेन यांचे मत होते, की या औषधाचे पेटंट घ्यावे. ब्रिटनमधील वडीलधाऱ्या वैद्यकीय धुरीणांना मात्र रोग्याच्या उपायावर मालकी सांगणे अप्रशस्त वाटले. पेटंट घेतले गेले नाही. पुढे अमेरिकेत, मका भिजवून उरलेल्या पाण्यात ही बुरशी भरघोस वाढते असे आढळले, मोठ्या टाक्यांतून उत्पादन सुरू झाले, आणि त्या उत्पादनपद्धतींची पेटंटे मात्र घेतली गेली. जे एकाने दान म्हणून सोडले, त्याच्या वाटेवर दुसऱ्याने जकातनाका उभारला, असे म्हणता येईल. अर्थात, कारखाना उभारणाऱ्याचे श्रम आणि भांडवल यांनाही मोबदला हवा, हेही नाकारता येत नाही. मग उपाय कोणाचा? शोधणाऱ्याचा, बनविणाऱ्याचा, की ज्याला तो हवा आहे त्याचा?

या प्रश्नाला पिंपरीने एक उत्तर दिले होते. १९५४ साली भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. टेल्को आणि बजाज येथे येण्यापूर्वीची ही गोष्ट. मोटारींची नगरी म्हणून आज मिरविणाऱ्या या गावाच्या उद्योगाचा आरंभ मोटारीने नव्हे, औषधाने झाला. येथील संशोधकांनी हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरील औषध शोधले. त्याच्या नावातील पहिली अक्षरे या कारखान्याच्या इंग्रजी नावातील आहेत. आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंपरीना’ असा शब्द आहे. गावाचे नाव जगाच्या शास्त्रग्रंथात जाण्याचा हा मान लहान नव्हे.

जुन्या करारातील सिराक ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात असा विचार आहे, की परमेश्वर भूमीतूनच औषधे उत्पन्न करतो आणि शहाण्याने त्यांचा तिरस्कार करू नये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या परिपत्रकात सांगितले, की खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते. आणि १९९१ च्या परिपत्रकात त्यांनी ज्ञान व तंत्रकौशल्य हीदेखील आजच्या काळातील मालमत्ताच होय, असे दाखवून दिले. दोन्ही विचार एकत्र ठेवले, की निष्कर्ष उघड आहे : ज्ञानावरही समाजाचे गहाण आहे.

परंतु समाजानेही आपली बाजू सांभाळावयास हवी होती. नव्वदीच्या दशकात पिंपरीचा हा कारखाना ‘आजारी उद्योग’ म्हणून गणला गेला. स्वस्त चिनी मालापुढे भारतातील मूळ पेनिसिलिनचे उत्पादन टिकले नाही आणि आपण ते आयात करू लागलो. २०२० च्या महामारीत या परावलंबनाची जाणीव झाली, सरकारने प्रोत्साहन योजना आखली, आणि २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकिनाड्याजवळ हे उत्पादन पुन्हा सुरू झाले. दरम्यान जगातील अनेक देशांत बेन्झाथिन पेनिसिलिनचा तुटवडा भासला. दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्या गरिबांच्या मुलांना घसादुखीतून जडणारा हृदयाचा संधिवात पुन्हा उलटू नये, म्हणून तीन-चार आठवड्यांनी टोचावयाचे हे औषध. ते इतके स्वस्त, की बनविण्यात कोणाला फारसा नफा नाही. स्वस्त झाल्यामुळेच औषध दुर्मीळ व्हावे, हा आपल्या बाजारव्यवस्थेचा न्याय आहे.

येथवर दोष इतरांना देता आला. यापुढे तो आपल्या दारी येतो. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता, की एक दिवस हे औषध दुकानात कोणालाही मिळेल, अजाण माणूस ते अपुरे घेईल, आणि न मेलेले जंतू त्याला सरावतील. तसेच घडले. जंतूंच्या घोळक्यात काही चिवट असतात. अपुऱ्या किंवा अकारण मात्रेने दुबळे तेवढे मरतात आणि मैदान चिवटांच्या हाती जाते. ते चिवट जंतू एका देहात थांबत नाहीत. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. स्कूटर मी वाईट चालविली तर माझी स्कूटर बिघडते. परंतु हे औषध मी वाईट वापरले, तर ते शेजाऱ्याच्या मुलासाठी बिघडते. काइनाने देवाला विचारलेला भावाच्या राखणीचा प्रश्न असा गोळ्यांच्या पाकिटातून पुन्हा आपल्यापुढे येतो.

भारतात २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवण्याचे बंधन औषधविक्रेत्यांवर आहे. तरीही एका संध्याकाळी औषधाच्या दुकानात मी पाहिले, की चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा एक तरुण सर्दी-तापाने बेजार होऊन “दोनच स्ट्राँग गोळ्या द्या दादा, रात्रपाळी आहे” असे म्हणत होता. सर्दीच्या विषाणूवर या गोळ्यांचा काहीएक उपयोग नाही, हे त्याला सांगावे, म्हणून मी पुढे झालो आणि थांबलो. त्याला ज्ञान कमी होते हे खरे. पण त्याला खरोखर हवी होती ती एक दिवसाची रजा, आणि ती दुकानात मिळत नव्हती. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला, कदाचित कामही गेले. आणि माझ्या घरी तरी काय होते? उरलेल्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवून पुढच्या तापाला घरच्या घरी देणारा मीच होतो. त्याला निदान रात्रपाळीचे निमित्त होते. मला ते नव्हते.

अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तेव्हा ज्याने त्याने गरजेपुरताच वेचावा, अशी आज्ञा होती. हावेने साठविलेला मान्ना सकाळी किडला. आपल्या पिढीच्या मान्न्याचाही हाच नियम दिसतो : गरजेला घेतला तर जीव, गरजेवाचून घेतला तर कीड. मात्र मान्ना पुरेल असा विश्वास ज्याला वाटत नाही, त्याला हा नियम पाळणे कठीण जाते. म्हणून केवळ उपदेश पुरेसा नाही. आपल्या धर्मग्रामात आजारी कामगाराला दोन दिवस विसावता यावे, इतकी मदत गुपचूप पोहोचविता आली, तर ती कोणत्याही गोळीहून कमी मोलाची नव्हे. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर “लवकर बरे करा” म्हणण्याऐवजी “याची खरेच गरज आहे का?” असे विचारण्याचा संयम तर आपल्याला आजपासून शिकता येईल.

मराठीत ‘देणे’ या एकाच शब्दाला दान आणि कर्ज असे दोन्ही अर्थ आहेत. पिंपरीतून त्या जुन्या कारखान्याच्या बाजूने जाताना मला हा शब्द आठवतो. बुरशीने दिलेले ते देणे आपण दान म्हणून घेतले. त्यातले कर्ज फेडावयाचे अजून राहिले आहे. बिस्किटाचा तो डबा मात्र मी रिकामा केला आहे.