वाडगे राहिले, कृती गेली

शास्त्रपाठ : स्तोत्र ७८:१-७, २ तीमथ्य २:१-२



इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ स्मेदिक येथे १८९८ साली रस्किन पॉटरी नावाचा लहानसा कारखाना निघाला. विल्यम हॉसन टेलर तेथे मातीच्या वाडग्यांवर रक्तवर्णी, जांभळी झिलई चढवीत. ही झिलई म्हणजे काचेचा पातळ थर. त्यात तांबे असते. भट्टीत हवा भरपूर मिळाली तर तांब्याचा रंग हिरवा उतरतो. प्रखर आचेत हवा कोंडली तर तोच लाल होतो. टेलर यांनी वर्षानुवर्षे खपून हे साधले. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्रदर्शनात त्यांच्या भांड्यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

१९३५ साली कारखाना बंद झाला व त्याच वर्षी टेलर वारले. तत्पूर्वी त्यांनी झिलईच्या कृती नष्ट केल्या, म्हणजे कोणी नक्कल करू नये. वाडगी आज संग्रहालयांत आहेत. लोक ती वाखाणतात. पण ती कशी केली, हे सांगणारा लेख उरला नाही.

टेलर यांना दोष देण्याचे कारण नाही. गुपित त्यांच्या मालकीचे होते. विश्वास मात्र आपल्या मालकीचा नाही, ती ठेव आहे. पौलाने ती तीमथ्याला दिली, तीमथ्याने विश्वासू माणसांना द्यावी, त्यांनी इतरांना शिकवावे, असा हा क्रम आहे.

सुरतेत हे घडलेले आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर व फायवी येथे आले, लोकांची भाषा शिकले, आणि १८२० नंतरच्या काही वर्षांतच गुजराती शास्त्र सुरतेत छापले गेले. त्यांनी कृती लपविली नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. खानदेशातून पोटासाठी सुरतेस आलेल्या कुटुंबांत आजी मराठीत प्रार्थना करते. नातू गुजरातीत शिकतो, हिंदीत खेळतो. आजीचे शब्द त्याच्या कानी पडतात, अर्थ पडत नाही. उद्या आजीचे शास्त्र कपाटात जपून राहील. पण त्यातून ती कशी जगली, हे कोण सांगेल? मुलांना मराठी अवश्य शिकवा. परंतु तोवर थांबू नका. त्यांना कळेल त्या भाषेत सांगा.

आणि केवळ वचने पाठ करून घेऊ नका. भट्टीचीही हकीकत सांगा. काम सुटले, आजार आला, श्वास कोंडला, तेव्हा प्रभूने कसे धरून ठेवले? रंग तेथेच चढला आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस एक विनंती. या महिन्यात प्रत्येक मुलाने घरातील वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे : "देवाने तुम्हांला कोणत्या संकटात सांभाळले?" उत्तर त्याने वर्गात सांगावे. स्तोत्रकर्ता हेच करू इच्छितो : जे पूर्वजांनी सांगितले ते लेकरांपासून न लपविणे.

आपण मातीची भांडी आहोत. एक दिवस फुटू. त्याआधी ठेव पुढील हाती सोपविण्याची कृपा प्रभू आपणांस देवो. आमेन.