वर्गणी भरली, आता छापायचे कोणी?

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. साध्या सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही ऑक्सफर्ड-केंब्रिजचे ताजे अंक वाचण्याची सोय झाली, हे मोठेच काम आहे. तक्रार आहे ती त्यापाठोपाठ ऐकू येणाऱ्या एका युक्तिवादाबद्दल. जगाचे संशोधन बसल्या जागी मिळत असेल, तर विद्यापीठांनी स्वतःचा प्रकाशन विभाग पोसायचा कशाला?

असे विचारणाऱ्यांनी प्रा. र. पं. कंगले यांचे ‘कौटिलीय अर्थशास्त्र’ एकदा उघडून पाहावे. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात ते तीन भागांत काढले: आधी संहिता, मग इंग्रजी भाषांतर, शेवटी विवेचन. शामशास्त्रींनी १९०९ मध्ये म्हैसूरहून पहिली आवृत्ती काढली होती. कंगल्यांनी त्यानंतर उजेडात आलेली हस्तलिखिते, विशेषतः मल्याळम लिपीतली, ताडून पाहिली. वर संहिता, तळाला पाठभेद. एकेका अक्षरावरून राज्यकारभारातल्या एखाद्या नियमाचा अर्थ बदलतो, म्हणून ही मेहनत. अशा पुस्तकाला पहिल्या वर्षी गिऱ्हाईक किती मिळणार? विद्यापीठाने तो हिशेब बाजूला ठेवला, म्हणून पुस्तक झाले.

पुढे एका व्यापारी प्रकाशनसंस्थेने त्याची पुनर्मुद्रणे काढली. २०१३ मध्ये पॅट्रिक ऑलिव्हेल यांचे नवे इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले, तेही कंगल्यांच्या संहितेच्या आधारावर. जगभरचे अभ्यासक आज ज्या पायावर उभे आहेत, तो मुंबईत घातला गेला. नुसती वर्गणी भरून हा पाया घालता आला नसता.

मात्र विद्यापीठाचे नाव लावले की प्रकाशक आपोआप ज्ञानाचा सेवक होतो, असेही नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दिल्ली विद्यापीठावर आणि त्याच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर दावा ठोकला. गुन्हा काय, तर नेमलेल्या वाचनातली प्रकरणे झेरॉक्स करून, एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देणे. ज्यांच्या लेखनाच्या रक्षणासाठी हा दावा होता, त्यांच्यापैकीच अनेकांनी त्याला विरोध केला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. अध्यापनासाठी केलेली प्रत १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला मान्य आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. अपिलातही मनाईहुकूम मिळाला नाही आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. त्या साडेचार वर्षांत दोन विद्यापीठांचे छापखाने तिसऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांविरुद्ध उभे होते.

तेव्हा नुसता छापखान्याचा कैवार घेऊन भागणार नाही. काय छापायचे हे विषयातले जाणकार ठरवतात की विक्री विभाग, आणि तोटा सोसायची विद्यापीठाची तयारी आहे की नाही, यावर सारे अवलंबून आहे. २०१९ मध्ये स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने आपल्या प्रकाशनाचे वर्षाचे १७ लाख डॉलरचे अनुदान बंद करायचे ठरवले होते. अध्यापक आणि लेखक खवळून उठले, तेव्हा कुठे प्रशासन नमले. आपल्याकडे विद्यापीठाचा प्रकाशन विभाग आटत जातो तेव्हा विद्वत्परिषदेत किती हात वर होतात?

वर्गणीची योजना नियतकालिकांची आहे, ग्रंथांची नाही. चिकित्सक आवृत्ती, कोश, बोलींचे सर्वेक्षण हे सारे तिच्या बाहेर राहते आणि मराठीतले संशोधन तर फारच दूर. ६,००० कोटींचा एक टक्का म्हणजे ६० कोटी. तेवढी रक्कम वेगळी काढून राज्य विद्यापीठांना द्यावी. प्रशिक्षित ग्रंथसंपादक, मानधन घेऊन हस्तलिखित तपासणारे बाहेरचे दोन परीक्षक आणि दहा वर्षे न खपणारे पुस्तक काढण्याची मुभा, एवढ्यासाठी ती राखून ठेवावी. छापलेले सारे महाजालावर मोफत ठेवण्याची अटही घालावी. योजनेची तीन वर्षे २०२७ अखेर संपतील आणि नव्या वर्गणीची बोलणी सुरू होतील. ही मागणी त्याआधी कुलगुरूंनी लेखी करायला हवी.