कोणाचे घर जपायचे?

वाचकहो, जुनी घरे जपण्याची चर्चा धम्माच्या पाक्षिकात कशाला, असे आपण विचाराल. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे भगवान बुद्धांनी सांगितले. मग मोडक्या घरावर जीव का लावावा? परंतु आसक्ती निराळी आणि जे होते ते जसेच्या तसे पाहणे निराळे.

स्वीडनमध्ये आर्टर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोमला स्कान्सेन उघडले. खेड्यापाड्यांतील घरे उतरवून तेथे पुन्हा उभी केली. वेल्समध्ये कार्डिफजवळ सेंट फॅगन्सला १९४८ पासून असेच संग्रहालय आहे. दगडांवर, वाशांवर खुणा घालायच्या, नकाशे काढायचे आणि नव्या जागी त्याच क्रमाने रचायचे. तेथे शेतघरांबरोबर मर्थर टिडफिलच्या लोखंड-कारखान्याच्या कामगारांची सहा घरांची ओळही आणली. ती १९८७ साली खुली झाली. घरे सारखीच, आतली मांडणी मात्र १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५ सालची. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना कामगाराचे आयुष्य पालटताना दिसते. अनित्यतेचा इतका सरळ पाठ फळ्यावर देता येत नाही.

उद्या आपले खेडे कोणी असे हलवू लागला, तर काय हलेल? पाटलाच्या वाड्याचे सागवानी खांब, घडीव दगड सुटे करून नेता येतात. महारवाड्यातली मातीची भिंत उचलू जाल तर हाती मातीच येते. निवडणाऱ्याच्या मनात जात असो वा नसो, बांधकामाचे सामानच निवड करून ठेवते!

बरे, नेलेच घर, तर ठेवणार कोठे? वाड्याला लागून ठेवले तर ते खोटे, कारण आपल्या घराची खरी ओळख भिंतीत नव्हती, गावापासूनच्या अंतरात होती. दूर ठेवले तर संग्रहालयातही गावकुसाबाहेर! हा पेच क्षुल्लक नाही. तरीही मी म्हणेन, दूरच ठेवा. मूळ अंतर मोजा, ते का होते हे फलकावर लिहा आणि पाहणाऱ्याला तेवढे चालू द्या.

कोणी म्हणेल, १९५६ साली दीक्षा घेऊन देव्हारे रिकामे केले, तसे गुलामीचे हे घरही जाऊ द्या. पण रिकामा झालेला देव्हारा कोणी पाहायचा? एका ओळीत दोन घरे हवीत: १९५५ चे, कोनाड्यात देव असलेले, आणि १९५७ चे, त्याच कोनाड्यात बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर असलेले. असे घर ज्यांच्याकडे अजून उभे आहे, त्यांनी पाडण्यापूर्वी निदान त्या कोनाड्याचे माप आणि छायाचित्र घेऊन ठेवावे.