ढिगाची ऊब कोणाची?

कुजणारा ढीग दिसला की आपण नाक मुरडतो. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील झाँ पँ या गृहस्थांनी १९७० च्या दशकात अशाच ढिगावर घर उबदार ठेवले. रानातील झुडपांचा बारीक चुरा करून, तो भिजवून सुमारे ५० टनांचा ढीग रचायचा आणि आत नळीची वेटोळी ठेवायची. सूक्ष्म जीव हा पाला खाताना उष्णता सोडतात. नळीतले पाणी ६० अंशांपर्यंत तापते. शेवटी खत उरतेच. आपल्याकडे गोवरी जाळली की चूल पेटते, पण वाडी खताला मुकते.

मग अडचण कुठे? आम्हांला ती हावेत दिसते. पाणी भराभर खेळवून ऊब ओरबाडली, तर ढीग थंडावतो, जीव मंदावतात, कुजणेच थांबते. त्या न दिसणाऱ्या कामकऱ्यांच्या वाट्याची ऊब त्यांना ठेवावीच लागते. फुकटची वस्तू म्हणून ती सगळी आपली होते काय? वसईतल्या विहिरींवरून टँकर भरले जात होते, तेव्हाही पाणी जमिनीतलेच, फुकटचेच होते. ढीग निदान लगेच थंड पडून दाखवतो. विहिरी खारावल्याचे कळायला वर्षे गेली.