परराज्यात बिऱ्हाड न्यावे काय?

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडे आहे. त्या बाजूने जो मोठा रस्ता घाट चढून जातो, तो गुहागरास समुद्रकाठी सुरू होऊन पाटण व कऱ्हाड यांवरून थेट विजापुरास, म्हणजे कर्नाटक राज्यात, पोहोचतो. चिपळुणास आगगाडीत बसावे, तर कोकण रेल्वे, जी १९९८ सालापासून पूर्ण मार्गाने चालू आहे, माणसास गोव्यात व पुढे मंगळुराकडे नेते. उत्तरेस जाणाऱ्या गाड्या गुजरातेची वाट धरतात. परराज्य हे आता कोकणातील माणसास दूर राहिलेले नाही. म्हणून अलोऱ्यास, आणि तशाच पुष्कळ गावी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर घराघरांतून एकच प्रश्न निघतो: गाव सोडून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड न्यावे काय? ह्या प्रश्नाचा आज आम्ही वाचकांबरोबर शांतपणे विचार करू इच्छितो.

एक घर डोळ्यांपुढे आणू. ते कोणा एकाचे नव्हे. अशी घरे अनेक आहेत. घरचा कर्ता पस्तिशीचा आहे. त्यास गुजरातेत वापीकडे एका कारखान्यात काम मिळत आहे आणि पगार येथल्या मिळकतीच्या दुप्पट आहे. घरी बायको, आठवीतली मुलगी, धाकटा मुलगा व सत्तरी ओलांडलेली आई आहे. थोडी भातशेती आहे, आंब्याची चार कलमे आहेत, आणि सातबाऱ्यावर भाऊबंदांची सात-आठ नावे आहेत. आई म्हणते, "तुम्ही जा बाबांनो, मी येथेच राहीन." बायको काहीच बोलत नाही. शेजारी दोन प्रकारचे आहेत. एक म्हणतात, जो जात नाही तो मूर्ख. दुसरे म्हणतात, जो जातो तो गावास विसरला.

आमच्या मते ह्या दोन्ही प्रकारच्या शेजाऱ्यांची चूक एकच आहे. जाणे हे स्वतः पुण्य नव्हे आणि राहणे हेही स्वतः पुण्य नव्हे. राज्याची सीमा तर माणसांनी आखलेली रेघ आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव व कारवार मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले. १९६० साली महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले. जी मराठी माणसे रात्री एका राज्यात निजली ती सकाळी दुसऱ्या राज्यात उठली, आणि त्यांनी उंबरठाही ओलांडला नव्हता. शास्त्रातील नामीची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. दुष्काळामुळे तिचे कुटुंब बेथलेहेम सोडून मवाबात गेले, आणि पुढे रूथ आपला मवाब देश सोडून बेथलेहेमास आली. तेथे जाण्याबद्दल कोणास दोष दिलेला नाही. रूथेची थोरवी कोणत्या देशात राहिली यात नसून, कोणास एकटे टाकले नाही यात आहे. तेव्हा प्रश्न "कोणते राज्य?" हा नाही. आपण कशासाठी जातो, कोणाच्या जिवावर जातो, आणि काय जाणून जातो, हे तीन प्रश्न खरे आहेत.

पहिला प्रश्न: कशासाठी? अधिक वेतनाची इच्छा धरणे यात लाज वाटण्याजोगे काही नाही. लेकरांच्या पोटासाठी केलेले कष्ट मानाचेच आहेत. परंतु पुष्कळदा माणूस पगाराचे नाव सांगतो आणि पळत मात्र दुसऱ्याच गोष्टीपासून असतो: भावाशी चाललेल्या वादापासून, कर्जापासून, दारूच्या सोबतीपासून, किंवा गावाने केलेल्या अपमानापासून. यांपैकी काही गोष्टी गाडीत आपल्याबरोबरच बसतात. दारूची सवय राज्य बदलल्याने सुटत नाही. अपमानाची गोष्ट मात्र निराळी व अधिक दुःखाची आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांच्या घराण्याचे गाव, ते डॉ. भीमराव आंबेडकर परदेशी शिकून १९१७ साली बडोदे संस्थानात चाकरीस रुजू झाले. ते संस्थान शिक्षणाविषयी पुढारलेले. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते, आणि आंबेडकरांस शिष्यवृत्तीही त्यांनीच दिली होती. तरी त्या शहरात ह्या विद्वानास राहावयास खोली कोणी देईना. एका पारशी वसतिगृहात नाव लपवून ते राहिले. ते उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढिले आणि त्यांस मुंबईस परतावे लागले. राजा उदार असला तरी शेजार उदार असतोच असे नाही, हे ह्या गोष्टीवरून दिसते. म्हणून जो अपमानापासून सुटण्यासाठी जातो त्यास आम्ही थांबविणार नाही, त्याचा हक्क मोठा आहे. परंतु त्याने आधी त्या ठिकाणच्या आपल्या माणसांस विचारावे की तेथे घर भाड्याने कसे मिळते आणि आडनाव ऐकून दार लागते की उघडते.

दुसरा प्रश्न: कोणाच्या जिवावर? ह्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानात गेले. तो मुलूख आज छत्तीसगड राज्यात मोडतो. त्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांस नवा करार दिला, आणि त्यांच्या जन्माची दिशाच पालटली, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण त्याच जीवनाची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी 'स्मृतिचित्रे' ह्या पुस्तकात लिहून ठेविली आहे. टिळकांच्या मनात आले की ते निघत. घर मांडण्याचे व मोडण्याचे कष्ट मात्र लक्ष्मीबाईंच्या वाट्यास येत. त्या हे हसत हसत सांगतात, म्हणून ते दुःख हलके होते असे नाही. थोर पुरुषाच्या घरी जे झाले ते आपल्या घरी होऊ नये असे मानणे अहंकाराचे ठरेल. आमच्या कल्पिलेल्या घरात बायको काहीच बोलत नाही, असे आम्ही वर लिहिले. ते न बोलणे संमती नव्हे. जेथे शेजारीण नाही, भाषा येत नाही, बाळंतपणास आई नाही, अशा दोन खोल्यांत दिवस तिला काढावयाचे आहेत. तिने "होय" म्हटल्यावाचून घर हलविणे, हा आमच्या मते अन्याय आहे.

आईचेही तसेच. "मी येथेच राहीन" हे वाक्य आई मुलाची वाट मोकळी करण्यासाठी बोलते, आणि मुलगा ते खरे मानतो, कारण ते खरे मानणे त्यास सोयीचे असते. पावसाळ्यात कौले कोण सारील, ताप आला तर चिपळुणास कोण नेईल, महिन्याचे पैसे कोणत्या तारखेस व कोणाच्या हाती येतील, ह्याची उत्तरे नावानिशी ठरल्यावाचून त्या वाक्याचा आधार घेऊ नये.

येथे अलोऱ्याजवळचाच एक दृष्टान्त आम्हांस सुचतो. कोयना नदी स्वभावतः पूर्वेस जाणारी. कऱ्हाडास कृष्णेस मिळून कर्नाटक व आंध्र ओलांडून ती बंगालच्या उपसागरास जावयाची. माणसांनी धरण बांधून तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस वळविले. पोफळीस ते वीज निर्माण करिते, कोळकेवाडीस पुन्हा अडविले जाऊन पुन्हा वीज देते, आणि मग वाशिष्ठीतून अरबी समुद्रास मिळते. वाट बदलल्याने त्या पाण्याचे सामर्थ्य प्रकट झाले, हे कोण नाकारील? परंतु खालच्या राज्यांचा हक्क त्यामुळे बुडाला नाही. बच्छावत लवादाने १९७६ सालच्या अंतिम निवाड्यात दरसाल ६७.५ अब्ज घनफूट एवढेच पाणी कोयनेवरून पश्चिमेस न्यावे, अशी मर्यादा घातली. जो वाट बदलतो त्यास लाभ घेण्याचा अधिकार आहे, परंतु खाली जे तहानेले आहेत त्यांचा वाटा आधी मोजला पाहिजे. आमच्या साऱ्या म्हणण्याचे सार एवढेच आहे. आणि हेही विसरू नये की त्या जलाशयाखाली ज्यांची गावे गेली त्यांस "जावे की राहावे?" हे निवडण्याची मोकळीकच नव्हती. आपणांस निवड करता येते, हेच एक मोठे दान आहे. ते घाईने उधळू नये.

तिसरा प्रश्न: काय जाणून? भारताच्या राज्यघटनेने प्रत्येक नागरिकास देशात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क दिला आहे. परंतु सर्वच सवलती माणसाबरोबर प्रवास करीत नाहीत. शिधापत्रिकेवरील केंद्राचे धान्य आता कोणत्याही राज्यात मिळू शकते. ही सोय २०२२ सालच्या मध्यापर्यंत सर्व राज्यांत झाली. याच्या उलट, अनुसूचित जाती व जमाती यांच्या याद्या राज्यवार आहेत. एका राज्यातील दाखल्यावर दुसऱ्या राज्याच्या नोकरीत वा शिक्षणात राखीव जागा मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितले व २०१८ साली घटनापीठाने पुन्हा ठरविले. राज्य सरकारच्या योजना त्या त्या राज्यातील रहिवाशांसाठीच असतात. मत एकाच ठिकाणी देता येते. गुजरातेत २०२३ च्या कायद्याने पहिलीपासून आठवीपर्यंत गुजराती शिकणे, आणि कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड शिकणे, शाळांतून सक्तीचे झाले आहे. लहान मुलास नवी भाषा खेळता खेळता येते. आठवीतल्या मुलीस ती परीक्षेच्या तोंडावर शिकावी लागते. वैद्यकीय शिक्षणातील राज्याच्या जागांसाठी दहावी-बारावी कोठे झाली हे पाहतात. म्हणून तिच्या शाळेचा विचार घराच्या भाड्याआधी करावा. सातबाऱ्यावर वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली नसेल, तर ती करून मगच निघावे. मागे राहिलेल्या कागदांवरून भाऊ भावाचा वैरी झालेला आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

मग आमच्या कल्पिलेल्या घरास आम्ही काय सांगू? जावे, असेच सांगू. परंतु एकदम नव्हे. कर्त्याने आधी एकट्याने जावे, त्यास मुदत घालावी, सहा महिन्यांची म्हणा, आणि ती सर्वांसमक्ष सांगावी. मुदत नसलेला विरह घर पोखरतो. त्या काळात पगार वेळेवर मिळतो काय, शेजार कसा आहे, शाळा कोठे आहे, हे त्याने पाहावे. बायकोने एकदा स्वतः जाऊन ते ठिकाण पाहून यावे. आईस बरोबर नेण्याचा आग्रह धरावा, आणि तिने खरोखरच नाकारिले तर तिची व्यवस्था वर सांगितल्याप्रमाणे नावानिशी लावावी. ही व्यवस्था लागत नसेल, तर दुप्पट पगार सोडून देण्याचे धैर्य दाखवावे. असा माणूस मूर्ख नव्हे. आणि गेल्यावर जमले नाही, तर परत यावयास लाजू नये. २०२० साली टाळेबंदीत किती चाकरमानी आपल्या गावच्या दारी आले! त्या वेळी ज्यांनी गावाशी बोलणे तोडले नव्हते त्यांस दार लवकर उघडले.

मागे राहणाऱ्यांसही दोन शब्द. जाणाऱ्यास टोमणे मारू नका. त्याच्या आईच्या अंगणात अधूनमधून डोकावत जा. उपदेशक बंधूंनी निघणाऱ्या कुटुंबाच्या हाती नव्या ठिकाणच्या मंडळीसाठी ओळखीची चिठ्ठी द्यावी, आणि महिन्यातून एकदा त्यांस पत्र लिहावे किंवा फोन करावा. शिवाय, आपल्या चिपळूण-लोट्याच्या बाजूस परराज्यांतून आलेले मजूर राबत आहेत. त्यांची भाषा आपणांस हसू आणते, आणि त्यांस खोली देताना आपण दहा प्रश्न विचारतो. उद्या आपलाच मुलगा दुसऱ्या राज्यात कोणाच्या तरी दाराशी ट्रंक घेऊन उभा राहणार आहे. तेथे त्यास जसे दार उघडावे असे आपणांस वाटते, तसे आज येथे आपण उघडावे.