सस्पेन्स खाते

रस्त्याने खाली बघून चालावे, अशी शिकवण मला आईने दिली, ती ठेच लागू नये म्हणून. मी ती आजवर पाळली, ती काहीतरी सापडेल म्हणून. चाळिशी उलटेपर्यंत माझ्या हाती लागलेला एकूण ऐवज असा : थोडी चिल्लर, एक छत्रीची मूठ आणि कुणाच्या तरी चष्म्याची डावी काच. पण आशा सुटली नव्हती. त्यामुळे गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब अलिबागजवळच्या थळला गेलो, तेव्हा बाकीची मंडळी समोर समुद्रातला खांदेरी किल्ला पाहत होती आणि मी वाळू पाहत होतो.

आणि सापडले! तळहाताएवढे, काळे, जडशीळ लाकूड. मध्ये आरपार खाच, खाचेत गंजलेला लोखंडी दांडा, अंगावर शिंपल्यांचे पांढरे खपले. सौभाग्यवती म्हणाली, "टाका ते. वास येतोय." इतिहासाला वास येणारच, असे म्हणून मी तो हातरुमालात गुंडाळला.

सोमवारी बँकेत जेवणाच्या सुट्टीत वस्तू टेबलावर मांडली. मते घेतली. लोन सेक्शनच्या मते ते तोफेच्या गाड्याचे चाक होते. शिपाई म्हणाला, "साहेब, हे शिलाई मशीनचं काहीतरी आहे." आमच्या हेड कॅशियरने मात्र डोळे मिटून सांगितले, "खांदेरी. १६७९. शिवाजी महाराजांचं आरमार आणि इंग्रजांची लढाई." तो ज्या आत्मविश्वासाने नोटा मोजतो त्याच आत्मविश्वासाने बोलला, म्हणून मला पटले. वस्तू शोकेसमध्ये गेली. शेजारी मी चिठ्ठी लावली : 'मराठा आरमार, इ. स. १६७९ (?)'. प्रश्नचिन्ह अगदी बारीक काढले होते. पाहुण्यांना चष्मा लावूनही दिसू नये, इतके.

पण बी.कॉम. झालेल्या माणसाला व्हाउचरशिवाय झोप लागत नाही. पुरावा हवा म्हणून मी बुडालेल्या जहाजांबद्दल वाचू लागलो. २०१२ साली इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या एका बाईंना भाजी चिरायच्या पाटाएवढी एक चिवट लादी सापडली. तिच्यावर अक्षरे होती : त्जिपेतिर. युरोपच्या इतर किनाऱ्यांवरही तशाच लाद्या निघाल्या. बाईंनी छडा लावला. त्जिपेतिर हा जावा बेटावरचा मळा. लाद्या गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकाच्या. समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलांवर तो चढवीत. दाढेचे रूट कॅनाल भरायला तो आजही वापरतात, म्हणजे माझ्या खालच्या दाढेतही त्या मळ्याचा एक भाऊबंद बसला आहे! शेवटी माग लागला तो 'मियाझाकी मारू' या जपानी जहाजापर्यंत. १९१७ च्या महायुद्धात जर्मन पाणबुडीने ते बुडवले होते. निदान काही लाद्या तरी बहुधा त्यावरच्याच.

वाचून मी खूश झालो आणि लगेच थोडा कसनुसाही. कोडे सुटले तेव्हा लादीच्या टोकाला मळा निघाला, मग जहाज निघाले आणि मग जहाजावरची माणसेही निघाली.

पुढे आणखी वाईट वाचले. २००७ च्या जानेवारीत इंग्लंडमध्येच ब्रान्सकोम्बच्या किनाऱ्याला वादळात सापडलेल्या एका जहाजाचे कंटेनर लागले. चांगली खातीपीती माणसे आली आणि कोऱ्या मोटारसायकली ढकलत घरी घेऊन गेली. तिथला कायदा सांगतो की, जहाजाची वस्तू सापडली तर २८ दिवसांत सरकारी अधिकाऱ्याला कळवा. मालकाला हक्क सांगायला वर्षभर मुदत आहे. पण समुद्राने आणून दिले ते आपले, असे माणसाला आतूनच वाटते. मला तरी दुसरे काय वाटले होते? मी मोटारसायकल नेली नाही, कारण थळला मोटारसायकल लागलेली नव्हती.

आता तुम्हीच सांगा, हा माणूस बँकेत काय करतो? संध्याकाळी कॅश कमी पडली तर ती कॅशियर खिशातून भरतो. पण जास्त भरली तर? ती खिशात जात नाही. 'सस्पेन्स अकाउंट' नावाच्या खात्यात जाते, कारण कुठेतरी कुणाचे तरी तेवढे कमी पडलेले असते. दहा वर्षे कुणी न विचारलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. पण त्यानंतरही वारस आला तर पैसे द्यावेच लागतात. जमा आहे तिथे नावे आहेच, हे मी बावीस वर्षे रोज लिहितो आहे. मग वाळूत वाकताना हा नियम मी कुठे विसरलो?

दिवाळीत पुन्हा थळला गेलो. वस्तू बरोबर घेतली. किनाऱ्यावर एक म्हातारे कोळीबाबा जाळे शिवत होते. त्यांनी ती हातात घेतली, एकदाच फिरवली आणि म्हणाले, "कप्पी हाय. शिडाच्या दोराची."

"किती जुनी असेल?" मी.

त्यांनी उत्तर दिले नाही. अंगठ्याने लाकूड चाचपीत राहिले. मालकाची खूण शोधत होते, हे मला मागाहून कळले. मग विचारले, "कुठं मिळाली? होडी आली होती का संगं? मानसं परत आली का?"

मी गप्प. पाच महिने मी ही वस्तू काय आहे, केव्हाची आहे, कितीची आहे, हे सगळे विचारले होते. कुणाची आहे, हे एकदाही विचारले नव्हते.

बाबा बोलत होते. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकापाशी बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली, त्या वेळच्या गोष्टी त्यांनी बापाकडून ऐकल्या होत्या. "तवापास्नं काठाला काय लागलं," ते म्हणाले, "की आधी बघायचं, घरात कोन कमी हाय."

मी कप्पी परत मागितली नाही. त्यांनी ती जाळी ठेवायच्या झापाच्या खांबाला खिळ्यावर अडकवली. म्हणाले, "कुनी वळखली तर नेल. नायतर ऱ्हाईल."

म्हणजे सस्पेन्स खातेच की! बाबांनी कॉमर्सचे तोंड न पाहता ते माझ्यापेक्षा चोख उघडले होते.

शोकेसमध्ये आता नुसती चिठ्ठी आहे. मराठा आरमार खोडले, सालही खोडले. प्रश्नचिन्ह तेवढे ठेवले आहे. मात्र ते आता पाहुण्यांना चष्म्याशिवाय वाचता येते.